तिसरा कोपरा

वाळूजच्या आमच्या कारखान्यात एकाच दिवशी, एकाच गाडीतून दोन जण उतरले आणि तिथंच बिनसलं. एक हिमांशू, इंजिनिअरिंग कॉलेजातला संशोधक. त्याच्यासोबत रोबोटचा हात. दुसरी सावनी, विद्यापीठातली. तिच्याकडं जात, जमीन, मतदान विचारणारे छापील कागद. सख्खे बहीणभाऊ, म्हणून गाडी एक. गेटवर आणि खात्यात हजेरी मी घेतो, तेव्हा मी तसंच लिहिलं. आतल्यांनी वेगळं वाचलं.

"हात मोजायला भाऊ आन् जात मोजायला बहीण," कारभारी नावाचा आमचा एक कामगार म्हणाला. "दोन्ही कागद एकाच फायलीत जाणार बघ."

गोकुळला ते पटलं. त्याचं काम गिअरबॉक्सच्या झाकणावर काळ्या सीलंटची रेघ ओढायचं, एका दमात. मध्ये थांबलं की गोळा होतो आणि पुढं तेल गळतं. गोकुळसारखी रेघ दुसऱ्या कुणाची नाही. हिमांशूनं त्याच्या मनगटाला एक पट्टा बांधला. मनगट जसं वळेल, तसं रोबोट शिकणार.

"त्याचं शिकून झालं की मी कुठं?"

"तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवायचं, गोकुळभाऊ."

"म्हंजी त्यानं काम करायचं आन् म्या बघायचं? पगार त्याला का मला?"

हिमांशू हसला. पट्टा आणखी घट्ट केला. ते मी ध्यानात ठेवलं, गोकुळनंही. तीन दिवस तो तिसऱ्या कोपऱ्यावर मुद्दाम अडखळला. रोबोटही इमानदार, तिसऱ्या कोपऱ्यावर थबकून काळा गोळा टाकायला लागला. अख्खं खातं रुमालाआड हसत होतं.

दुसरं खोटं जेवणाच्या सुट्टीत निघालं. सावनीनं गोकुळला विचारलं, "शेती किती?" त्याची बिडकीनची जमीन औद्योगिक वसाहतीत जाऊन उरली होती दीड एकर. पण डबे उघडून दहा जण ऐकत बसलेले, त्यात मी, कारभारी आणि गोकुळच्या सोयरिकीतले दोन.

"वीस एकर," गोकुळ म्हणाला. "बागायती."

सोमवारी आमचे मॅनेजर अप्पाराव साहेब गोकुळच्या टेबलापाशी आले. हिमांशूच्या लॅपटॉपवर आलेख होता. प्रत्येक रेघ तिसऱ्या कोपऱ्यावर थांबलेली.

"गळतीच्या तक्रारी कुठून येतात ते कळलं," साहेब म्हणाले. "या टेबलावरचा एक माणूस कमी करायचाच आहे. तुमचं बरंय, वीस एकर बागायत."

गोकुळनं सावनीकडं असं बघितलं, की तिनं कागद छातीशी धरले.

"माझी रेघ गळत नाय, साहेब. आत्ता दावतो." तो पट्टा सोडायला लागला.

"पट्टा राहू द्या."

खोटी ओढली तर आजच घरी. खरी ओढली तर रोबोट शिकणार. गोकुळनं सीलंटची गन उचलली. पहिला कोपरा, दुसरा. तिसऱ्यापाशी मनगट असं अलगद वळलं, की कोपरा होता हेच कळलं नाही. साहेबांनी मान डोलावली. हिमांशूनं हळूच लॅपटॉपवर 'सेव्ह'चं बटण दाबलं. गोकुळनं ते बटण बघितलं.

"बसा कामाला," साहेब म्हणाले. किती दिवस, ते बोलले नाहीत.

सुट्टी झाल्यावर गोकुळनं सावनीला गेटवर गाठलं. "ताई, वीस खोडा. दीड लिव्हा."

"मी हे कागद कुणालाही दाखवलेले नाहीत, भाऊ."

"मंग साहेबाला काय सपान पडलं व्हय?"

तिनं खोडून दीड लिहिलं. तिचं खरं होतं. शनिवारी साहेबांबरोबर चहा पिताना वीस एकरांची गंमत मीच सांगितली होती.

गोकुळचा संशय आता कारभारीवर आहे. दोघं वेगवेगळ्या बाकांवर डबे खातात. मी अधूनमधून दोघांकडंही जाऊन बसतो.