अठरा मिनिटं उघडं दार

त्या एका आलेखातून कुरामोचींना काय काय मिळणार होतं, याची गोळाबेरीज मी त्यांच्या आधीच करून ठेवली होती. कानाझावाच्या एका विद्यापीठात कायमची जागा. त्याच गावात बायको आणि नऊ वर्षांची मुलगी कोहारु राहतात, म्हणजे रोज सकाळी घरचं सूप-भात. शिवाय नावावर एक शोध. ते स्वतः शोधाचं नाव आधी घेत. पण दुपारी जिन्यात उभं राहून मुलीशी फोनवर बोलणाऱ्या माणसाला खरं काय हवंय, ते त्याच्या पाठीकडे बघूनही कळतं.

आमच्याकडे सेंदाईला संशोधक म्हणून त्यांची नेमणूक पाच वर्षांची. साडेचार सरली होती. महिन्यातून दोनदा गाड्या बदलत कानाझावाला जायचं, रविवारी संध्याकाळी परतायचं, आणि सोमवारी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये हजर.

मी ओतागुरो. एकवीस वर्षं या लॅबची तंत्रज्ञ. प्रोफेसर येतात-जातात, साचे मीच ओतते. पातळ सिलिकॉन साच्यात ओतून भाजलं की त्यात केसापेक्षा कितीतरी अरुंद गल्ल्या उमटतात. प्रत्येक गल्लीचं एक टोक बंद. आत जीवाणू एकामागे एक रांगेत बसतात, बाहेरून त्यांचं अन्न वाहत असतं, आणि कॅमेरा दर तीन मिनिटांनी फोटो घेतो. फोटोतून लांबी मोजायची. कोण किती वाढला, किती लांब झाल्यावर एकाचे दोन झाले, सगळं मोजायचं. बंद टोकाला जो बसला तो जागचा हलत नाही. तोंडाशी जे असतात ते ढकलले जातात आणि वाहून जातात. विद्यापीठातल्या नेमणुकांची पद्धत मला कुणाला समजावून सांगायची असली, की मी हाच फोटो दाखवते.

कुरामोचींचा शोध असा होता. हलक्या अन्नावर वाढणाऱ्या जीवाणूंना अचानक सकस अन्न दिलं, तर वाढीचा वेग लगेच चढायला हवा. त्यांच्या आलेखात तो सावकाश चढत होता, तब्बल सहा पिढ्या. म्हणजे पणजोबाने काढलेले उपाशी दिवस पणतू विसरत नव्हता. कुरामोचींनी याला 'आठवण' नाव दिलं. पेपर छापायला गेला होता, तीनपैकी दोन परीक्षकांनी वाहवा केली होती, आणि कानाझावाची मुलाखत चोवीस फेब्रुवारीला ठरली होती.

जानेवारीच्या शेवटी चिझुरु माझ्या टेबलाशी आली. नागुमो चिझुरु, पीएचडीचं शेवटचं वर्ष. बोलते कमी, पण एकदा एखादी गोष्ट धरली की सोडत नाही. उन्हाळ्यात तिनेही हाच प्रयोग केला होता आणि तिची 'आठवण' जेमतेम एक पिढी टिकली होती. कुरामोचींनी तेव्हा तिला सांगितलं होतं, "हात घाईचे आहेत तुझे. पुन्हा कर."

"ओतागुरो-सान, तुमच्या वह्या मिळतील का? खोलीच्या तापमानाच्या?"

रोज सकाळी नऊला आणि दुपारी तीनला मी खोलीचं तापमान लिहून ठेवते. जुन्या प्रोफेसरांनी लावलेली सवय. बारा वर्षांपूर्वी ते गेले, सवय राहिली.

"बारा वर्षांत तू पहिलंच गिऱ्हाईक," मी म्हटलं. "कुठल्या सालच्या काढू?"

"मागच्या दोन."

संध्याकाळी पाचला ती वह्या परत घेऊन आली. बरोबर कागदावर काढलेला एक आलेख होता. आडव्या रेघेवर माझी तापमानं, उभ्या रेघेवर आठवण किती पिढ्या टिकली ते.

"खोली एकोणीस अंशावर असली की सहा पिढ्या," ती म्हणाली. "एप्रिलात चार. ऑगस्टात अठ्ठावीस अंशावर एक."

विद्यापीठाचा हुकूमच तसा आहे. हिवाळ्यात हीटर एकोणीसच्या वर नाही, उन्हाळ्यात थंडावा अठ्ठावीसच्या खाली नाही. आम्ही सगळे गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसतो.

"म्हणजे जीवाणूंनाही जुन्या गोष्टी थंडीतच आठवतात," मी म्हटलं.

"हसू नका ना. दार आहे ते. पेटीचं दार."

मग मला कळलं. सूक्ष्मदर्शकाभोवती पारदर्शक पेटी असते, आत सदतीस अंश. अन्न बदलायचं तर दार उघडून बाटली बदलावी लागते, आणि नळीत एक बुडबुडा शिरला तरी दिवस फुकट. म्हणून कुरामोची हे काम फार जपून करतात. मी घड्याळ लावून पाहिलंय, अठरा मिनिटं. तेवढ्यात आत खोलीतली हवा भरते. दार लावलं की दहा मिनिटांत काटा पुन्हा सदतीसवर.

"पण काटा वर टांगलाय, हवेत," चिझुरु म्हणाली. "जीवाणू खाली काचेवर. काच तेलाने भिंगाला चिकटलेली. एवढं मोठं धातूचं धूड गार पडलं तर दहा मिनिटांत तापेल का?"

"आणि तुलनेसाठी केलेले प्रयोग?"

"त्यात अन्न बदलायचंच नव्हतं. मग दार कशाला कोण उघडेल?"

चूक एवढीच होती, आणि ती फक्त जपून काम करणाऱ्या माणसालाच जमली असती. धसमुसळ्याने बाटली चार मिनिटांत बदलली असती आणि त्याला कसलीच आठवण सापडली नसती.

मी तिच्याकडे पाहिलं. गप्प राहण्यात तिचा सरळ फायदा होता. 'आठवण' हा तिच्या प्रबंधाचा तिसरा भाग. मार्चमध्ये पदवी, एप्रिलमध्ये ओसाकाच्या औषध कंपनीत नोकरी, सगळं ठरलेलं. तोंड उघडलं तर तिसरा भाग गेला.

"कधी सांगणार आहेस?"

"उद्या. जेवताना सांगितलं तर चालेल का? पोट भरलेलं असताना?"

"पोट भरायच्या आधी सांग. नंतर सांगितलंस तर जेवण वाया जाईल."

तिने मधली वेळ निवडली. कुरामोचींचा एक भाताचा गोळा खाऊन झाला होता, दुसरा हातात होता. तिने आलेख समोर ठेवला आणि सगळं सांगितलं, आवाज न चढवता.

"हातांचं काय झालं मग?" ते म्हणाले. "ऑगस्टात तर तुझे हात चुकत होते."

"चुकत नव्हते."

"दोन परीक्षकांना दिसलं नाही ते तुला दिसलं."

"परीक्षक या खोलीत बसत नाहीत, कुरामोची-सान. इथे कुडकुडत आपण बसतो."

कुरामोचींनी दुसरा गोळा पुन्हा कागदात गुंडाळला. बराच वेळ त्यांनी आलेखावरच्या एकेका ठिपक्यावर बोट ठेवून तारखा वाचल्या. प्रत्येक तारीख त्यांना पाठ होती. मग उठले आणि कपाटातून तारेसारखा बारीक तापमापक शोधून आणला.

"भिंगाला चिकटव," ते तिला म्हणाले. "आत्ताच."

त्यांनी दार उघडलं, अठरा मिनिटं नळ्यांशी खोटंखोटं काम केलं, दार लावलं. वरचा काटा नवव्या मिनिटाला सदतीसवर आला. भिंगाला दोन तास चाळीस मिनिटं लागली. सकस अन्नावर सहा पिढ्या व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी ते तातेनो सेन्सेईंकडे गेले. सेन्सेई म्हणजे आमचे प्रोफेसर. निवृत्तीला दोन महिने उरलेले, आणि लॅबचं नाव गाजत जावं एवढीच इच्छा. दार अर्धं उघडं होतं आणि मी शेजारी बरण्या धूत होते. त्या दिवशी बरण्या पुष्कळ निघाल्या.

"भिंग गार पडतं म्हणून आठवण नसतेच, असं काही सिद्ध होत नाही," सेन्सेई म्हणाले.

"नाही होत. म्हणून प्रयोग करायचाय. हलकं अन्न काढून तेच हलकं अन्न द्यायचं, पण दार अठरा मिनिटं उघडं ठेवायचं."

"करा ना. मार्चनंतर केलात तर? गडबड कशाला?"

"मार्चनंतर मी कानाझावात असेन, सेन्सेई."

"तेच तर म्हणतोय मी."

"तिथे जाऊन पोरांना काय शिकवू? दार लावून घ्या म्हणून?"

सेन्सेईंनी चहा ओतला. "अवघड आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी याचा अर्थ नाही असा होतो. साडेचार वर्षांत कुरामोचींना तो कळला नसेल असं नाही. त्यांनी वाकून नमस्कार केला, बाहेर आले आणि मला म्हणाले, "ओतागुरो-सान, आठ साचे लागतील. उद्यापासून रोज एक."

पद्धतही त्यांनीच ठरवली, आणि तिच्यात त्यांना सुटायला एकही फट नव्हती. आठ दिवस, आठ प्रयोग. चार दिवस दार उघडायचं, चार दिवस नाही. कुठल्या दिवशी काय, ते चिठ्ठ्यांवर लिहून चिठ्ठ्या माझ्याकडे. सकाळी मी एक चिठ्ठी काढायची आणि त्याप्रमाणे दार मीच उघडायचं किंवा बंद ठेवायचं. ते दोघं तेव्हा जिन्यात. नंतर चिझुरुने फोटोंवरून लांब्या मोजायच्या आणि दार कधी उघडलं होतं ते ओळखून दाखवायचं. तापमापकाची तारही काढून टाकली.

"माझ्यावर एवढा विश्वास?" मी विचारलं.

"मी घरी जावं असं तुम्हाला वाटतं, हे मला माहीत आहे," कुरामोची म्हणाले. "म्हणूनच चिठ्ठ्या तुमच्याकडे. तुम्ही अदलाबदल केली नाहीत, तर मला पुढे कुणावर शंका घ्यायला जागा राहणार नाही."

असा माणूस मोठा लबाड असतो. अदलाबदल करायचं माझ्या मनात तीनदा आलं. चौथ्या दिवशी तर दार उघडायच्या ऐवजी मी हात खिशात घालून दोन मिनिटं उभी राहिले. दोन चिठ्ठ्या बदलल्या असत्या तर सगळ्या निकालाचा चिखल झाला असता, चोवीस तारीख निभावली असती, आणि माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. मग मी दार उघडलं. अठरा मिनिटं तिथे फार लांब वाटतात.

आठ दिवस त्यांनी एकदाही निकालाबद्दल विचारलं नाही. पेटीशी येऊन बुडबुडे तपासायचे, नळ्या तपासायचे, जायचे. एका सकाळी नळीत बुडबुडा सापडला. तो दिवस त्यांनी धरला नाही, नववा घेतला. चांगल्या बातमीसाठी माणूस इतकं चोख काम करतो, ते मी पाहिलंय. वाईट बातमीसाठी करताना तेव्हाच पाहिलं.

तेरा फेब्रुवारीला चिझुरुने आठ आलेख टेबलावर दोन ढिगांत मांडले. चार डावीकडे, चार उजवीकडे. मी चिठ्ठ्या काढल्या. आठच्या आठ बरोबर. दार उघडलं त्या दिवशी वेग उतरून सावकाश चढलेला, अन्नात काडीचा बदल नसताना. दार बंद त्या दिवशी रेघ सरळ.

"माफ करा," चिझुरु म्हणाली.

"कशाबद्दल? मोजमाप चांगलं आहे." त्यांनी उजवीकडचा वरचा आलेख उचलला. "या रेघेची जाडी कमी कर. छापताना ठिपके दिसायला हवेत."

त्याच दुपारी त्यांनी पेपर मागे घेतला. पत्र मला वाचायला दिलं, चुका पाहायला म्हणून. चूक एकच होती. दार उघडं ठेवणाऱ्याचं नाव त्यांनी फक्त स्वतःचं लिहिलं होतं. मी ते तसंच राहू दिलं नाही. 'आमच्या लॅबमध्ये' असं करायला लावलं. सेन्सेईंनी सही करताना पुन्हा 'अवघड आहे' म्हटलं आणि सही केली.

चोवीसला ते कानाझावाला गेले आणि मुलाखतीत आठवणीच्या जागी दाराचा प्रयोग दाखवला. समितीने फार आपुलकीने ऐकलं म्हणे. एकाने तर स्वतःच्या लॅबमधल्या पेटीबद्दल तीन प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून घेतली. जागा दुसऱ्याला दिली. त्याच्याकडे छापलेला पेपर होता.

चिझुरुने तिसरा भाग नव्याने लिहिला: अन्न बदललं की जीवाणू एका पिढीत सावरतात, आणि हे मोजायचं तर भिंगाचं तापमान आधी मोजा. तो पेपर म्हणून छापून आला तेव्हा कुरामोचींचं नाव तिच्या नावाच्या मागे होतं, त्यांच्याच आग्रहाने.

आता याची किंमत कुणी किती भरली, ते लिहिते. चिझुरुने एक वर्ष भरलं. ओसाकाची कंपनी थांबली नाही, तिला दुसरी शोधावी लागली. तातेनो सेन्सेईंनी काहीच भरलं नाही. निरोपाच्या समारंभात त्यांना फुलं मिळाली आणि लॅबच्या काटेकोरपणाबद्दल ते पाऊण तास बोलले. मी दोन मिनिटं भरली, खिशात हात घालून. कुरामोचींनी कायमची जागा देऊन किंमत भरली. आता ते मियाझाकीला आहेत, तीन वर्षांच्या नेमणुकीवर, आणि तिथून कानाझावाला महिन्यातून एकदाच जाणं जमतं. बुडालेली ती दुसरी खेप कोहारुच्या नावावर पडली. तिला कुणी विचारलं नव्हतं.