महादेवाचं जित्तं कासव

त्या साली तापीकाठच्या प्रकाशा गावच्या जत्रेत वाघ आला. नुसता वाघ नव्हे. अस्वल, माकडं, म्हातारा अजगर आणि काचेच्या हौदात 'समुंदर'! तापीच्या वाळूत भलामोठा तंबू ठोकून बन्सीलाल नावाचा खेळवाला दारात नगारा बडवत होता आणि निम्मी जत्रा देवदर्शन उरकून तशीच तिकडे धावत होती.

वेणूच्या मनात मात्र वाघ नव्हता, नवस होता. पावसाळ्यात तिच्या लेकीला, मंदाला, विषमज्वर झाला होता. वेणूचे यजमान शहाद्याला डॉक्टर. औषध चालू होतं, पण ताप हटेना, तेव्हा पुण्याच्या कॉलेजात शिकलेल्या वेणूनं प्रकाशाच्या दिशेला हात जोडून म्हटलं होतं, "केदारेश्वरा, पोर वाचू दे. तुझ्या नावानं एक जीव मोकळा सोडीन." या मुलखाची रीतच तशी. बोकड नाहीतर गोऱ्हा देवाला सोडायचा. मग त्याला कुणी बांधायचं नाही, कापायचं नाही. डॉक्टरांना ती हे बोलली नव्हती. "मग माझं औषध कशाला पाजलंस?" एवढंच ते म्हणाले असते, पण जन्मभर म्हणाले असते.

नवसावर तिचा विश्वास होता असं नाही. पण मंदाच्या जिवावर परीक्षा घेऊन बघायची छाती कुणाची आहे?

घरकामाला येणाऱ्या धनुबाईला तेवढं ठाऊक होतं. दमणीतून उतरल्यापासून ती बोकडं दाखवत होती. वेणू प्रत्येकाला न्याहाळी आणि मान हलवी. देवाला सोडलेला बोकड दिवेलागणीला कुणाच्या हंडीत शिजतो, हे जत्रेत उघड गुपित होतं. सोडायचा तर खरोखर सुटला पाहिजे.

"आई, वाघ!" मंदानं हिसका दिला.

"गर्दी किती आहे बघ. हात सोडायचा नाही."

"ओ बाई," धनुबाई म्हणाली, "वाघ खावाव नही तिले, पन तुम्ही तिना हात मुरगाळी टाकश्यात!"

तंबूत शिरल्याबरोबर मंदा आनंदानं किंचाळलीच. वाघ! खरा, पिवळाधमक! पिंजऱ्यासमोर सातपुड्यातून उतरलेलं एक कुटुंब हात जोडून उभं होतं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं पागोटं काढून खाली ठेवलं होतं. त्यांच्याकडे तो देव; त्याचं नाव घेत नाहीत. वाघ मात्र कुणाकडेच बघत नव्हता. चार पावलं तिकडे, वळण, चार पावलं इकडे. वेणूच्या अंगावर काटा आला, भीतीचा आणि आणखी कशाचा तरी.

"याला सोडलं तर?" तिनं बन्सीलालला विचारलंच.

"जाईल कुठे, बाईजी? पिंजऱ्यातच पैदा झाला. जंगल त्यानं माझ्याएवढंसुद्धा पाहिलेलं नाही."

तेवढ्यात मंदानं तिला ओढत काचेच्या हौदापाशी नेलं. लाल मासे, चांदीसारखे मासे, एक मिशांचा मासा! मंदा काचेला नाक लावून खिदळायला लागली. हौदाच्या टोकाला मात्र वेगळीच झिम्मड उडाली होती. बाया हळदकुंकू उधळत होत्या आणि बन्सीलालचा माणूस फडक्यानं काच पुसून पुसून मेटाकुटीला आला होता.

"अरे बाई, ही प्रदर्शनी आहे, देऊळ नाही!"

"मग देवनं कासव आठे का ठेवं?" एकीनं त्याला झापलं.

आत कासव होतं. परातीएवढं, मऊ पाठीचं, लांब सोंडेसारख्या नाकाचं. पुढच्या पायांनी ते काच ओरबाडत होतं, कोपऱ्यात आपटत होतं, वळून पुन्हा तेच. घाटावरच्या देवळात नंदीपुढे दगडाचं कासव असतं. त्याला हात लावूनच गाभाऱ्यात जायचं. या बायका नुकत्या त्याच कासवाला शिवून आल्या होत्या.

"हे कुठलं?" वेणूनं विचारलं.

"इथलंच. तापीतलं," बन्सीलाल अभिमानानं म्हणाला. "परवाच जाळ्यात आलं."

नदी इथून हाकेच्या अंतरावर! हे वाघासारखं नव्हे, याला घर ठाऊक आहे. आणि याला कोण बोकडासारखं ओढून नेणार?

"धनुबाई," ती कुजबुजली, "हेच."

धनुबाईनं एकदा तिच्याकडे, एकदा कासवाकडे पाहिलं. मग कुंकवाची चिमूट सरळ हौदात घालून तिनं कासवाच्या पाठीवर बोट ओढलं आणि तंबू दणाणून सोडला, "ओ भो! हाई कासव आते महादेवनं शे! या बाईना नवस शे! आते याले कोन्ही कोंडाव नही!"

"हर हर महादेव!" बायकांनी आरोळी दिली.

बन्सीलालचा चेहरा पडला. पण तो काही कालचा खेळवाला नव्हता. त्यानं गर्दीकडे पाहिलं, बाहेरच्या आणखी मोठ्या गर्दीकडे पाहिलं आणि नगारा गळ्यात अडकवला.

"चला! महादेवाचं कासव नदीवर चाललं! पण मिरवणूक माझ्या नगाऱ्यानं निघेल, आणि परत येताना वाघ सगळ्यांनी बघायचा!"

नवस जिचा, हात तिचेच लागतात. वेणूनं कासव मागून धरलं. केवढं ते जड! मान वळवून ते चावायला बघत होतं, आणि हिच्या डोळ्यांपुढे बोटं तुटलेली दिसत होती. मंदाचा हात? तो सोडावाच लागला. पोर धनुबाईच्या खांद्यावरून "माझं कासव! माझं कासव!" म्हणून ओरडत होती. मागे नगारा, मागे सारी जत्रा.

वेणूनं ते काठच्या पाण्यात ठेवलं. सगळे श्वास रोखून उभे. कासव हाललं, हौदाएवढंच अंतर गेलं आणि वळलं. पुन्हा तेवढंच. पुन्हा वळलं. जणू मध्ये काच होती.

"आदत पडली त्याला," बन्सीलाल म्हणाला. "परत आणू का?"

"नाही!" वेणू इतकी जोरात ओरडली की तिची तीच दचकली. परवाच धरलेलं, आणि इतक्यात विसरलं? मंदाच्या नावानं बोललेला जीव इथे, कमरेइतक्याही नसलेल्या पाण्यात अडकून राहणार?

तिनं पदर खोचला, कासव पुन्हा उचललं आणि पाण्यात शिरली. पोटऱ्या, गुडघे, मांड्या. नदीत ती कधीच उतरली नव्हती. खालची वाळू सरकत होती. धनुबाई काठावरून "बस, बस! माघारी फिरा!" म्हणत होती. धार पायांना ओढू लागली तेव्हा ती थांबली आणि तिनं हात उघडले.

कासव क्षणभर तिच्या पोटाला टेकून राहिलं. मग त्यानं चारही पाय एकदम मारले, तिच्या तोंडावर पाण्याचा सपकारा बसला, आणि हाताखाली काहीच उरलं नाही. दूर, भर धारेत, एक टोकदार नाक वर आलं. बुडालं. आणखी दूर वर आलं.

"गेलं!" वेणू दोन्ही हात वर करून ओरडली. "मंदे, गेलं बघ! गेलं!"

काठावर एकच कल्लोळ उठला. मंदा धनुबाईच्या खांद्यावरून कधीच घसरली होती आणि इतर पोरांबरोबर घोट्याएवढ्या पाण्यात थयथया नाचत होती. वेणूच्या घशाशी "अगं, पाण्यातून बाहेर ये" आलं होतं. ते तिनं गिळलं, ओल्या जड लुगड्यानिशी पाणी कापत निघाली, आणि मंदाच्या अंगावर ओंजळभर तापी उडवली.