थोरली, मधली, धाकटी

आमच्या न्हाणीघरात तीन बादल्या आहेत आणि तिघींना नावं आहेत. थोरलीत नळाचं ताजं पाणी. मधलीत भाज्या, तांदूळ धुतलेलं पाणी, ते झाडांना जातं. धाकटीत कपड्यांचं साबणाचं पाणी; त्यानं फरशी पुसायची आणि उरलेलं संडासात ओतायचं. नळाला गरम पाणी येईपर्यंत जे गार येतं, तेही सोडायचं नाही, थोरलीत धरायचं. मी जन्मभर पंपघरात नोकरी केली. पाणी वर चढवायला काय लागतं ते मला ठाऊक आहे, म्हणून वाहता नळ दिसला की माझं डोकं फिरतं. बायको मला घरातला मीटर म्हणते. म्हणू दे.

धाकट्या मुलाचं लग्न होऊन सून घरात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला कुठलं पाणी कुठे ते समजावलं. बादल्यांची नावं तेवढी सांगायची राहिली. ती इतकी अंगवळणी पडली होती, की सांगायला हवीत हे कुणाला सुचलंच नाही.

परवा सकाळी मी खुर्चीत बसून नळाचा वायसर कापत होतो. धाकटी सून समोर येऊन उभी राहिली. हातात बॅग होती.

"बाबा, मी माहेरी जाते."

"का गं? झालं काय?"

"आई जाऊबाईंना सांगत होत्या. थोरलीला जपायचं, सगळी घाण धाकटीच्याच गळ्यात मारायची. धाकटी आपटली तरी चालते. फारच कुरकुरायला लागली तर दुसरी आणू."

मला हसू आवरेना. तिला तशीच न्हाणीघरात नेली आणि धाकटी बादली कडीला धरून हलवली. कडी कुरकुरली. मी नावांचा खुलासा केला. बायको आणि थोरली सून धावत आल्या, काय घडलं ते ऐकून पोट धरून हसल्या. धाकटी सूनही हसली. मला वाटलं, मिटलं. पण बॅग तिनं खाली ठेवली नव्हती.

"बादलीचं कळलं," ती म्हणाली. "पण ते ऐकताना मला एकदाही वाटलं नाही, की हे दुसऱ्या कुणाबद्दल असेल. का वाटलं नसेल, आई?"

बायको फरशीकडे बघत राहिली. ती फरशी रोज धाकटी सूनच पुसते, संडासही तीच धुते. आंघोळीला सगळ्यांत शेवटी जाते, तोवर गिझरचं पाणी कोमट झालेलं असतं. हे कुणी ठरवलं नव्हतं. उतारावरून पाणी यावं तसं सगळं तिच्याकडे आलं होतं. घरातला थेंब न थेंब कुठे जातो यावर माझी नजर असते, आणि हे मला दिसलं नाही. मला लाज वाटली.

बायकोनं थोरली बादली नळाखाली सरकवली आणि गरम पाण्यानं भरली.

"आज आधी तू आंघोळ कर," ती म्हणाली. "आम्ही थांबतो. फरशीचं मी बघते."

"संडास माझ्याकडे," थोरली सून हळूच म्हणाली.

धाकटी सून आंघोळीला गेली. बॅग मात्र तिनं खोलीत नेली नाही, बाहेरच्या दाराशी ठेवली. अजून तिथेच आहे. येता-जाता माझा पाय अडखळतो, पण उचल म्हणायला मला तोंड नाही. मी वळसा घालून जातो.