फक्त दूध

तेकबेरच्या थोरल्या मुलाने उरलेसुरले उंट विकून जुना ट्रक घेतला, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन वर्षं पाऊस फिरकला नव्हता. त्याच वर्षी तिच्या धाकट्या बहिणीच्या, मैमूनाच्या, एकोणीस वर्षांच्या मुलीचं, सलकाचं, लग्न ठरलं.

लग्नाआधी मुलगी अंगाने भरवायची, हे आमच्या मॉरिटानियातलं जुनं काम. कीफा शहराच्या बाजूला त्या कामात तेकबेरचा हात धरणारी दुसरी बाई नव्हती. चाळीस वर्षांत तिने साठेक मुली भरवल्या. पहाटे उंटिणीच्या दुधाचा लाकडी वाडगा, दुपारी दुसरा, रात्री तिसरा. मुलीने तोंड फिरवलं तर तिच्या पायाची बोटं दोन काठ्यांत धरून दाबायची. तेकबेरच्या हातची मुलगी म्हणजे फक्त दूध, असं लोक म्हणत. तेवढीच तिची कमाई होती आणि तीच तिची अब्रू.

आता उंटच गेले, तर दूध कुठून यायचं? शेळ्याही आटल्या होत्या. लग्नाला उरले तीन महिने. मैमूना म्हणाली, "तुला जमत नसेल तर सांग, तेकबेर. मी दुसरीला विचारते."

ते तिला झोंबलं. बाजारात अत्तरं आणि मणी विकणारी एक बाई पदराआड गुलाबी गोळ्या ठेवायची. सुट्ट्याच, ना कागद, ना नाव.

"गुरांना फुगवायला चारतात त्याच ना या?" तेकबेरने विचारलं.

"गुरांनाही चालतात. उंटाला घातल्यास तर दुसरं वशिंड फुटेल," ती बाई म्हणाली. "रोज दोन. लग्न झालं की बंद."

साखर घातलेल्या, पावडरच्या पाणचट दुधात तेकबेर त्या कुटून घालू लागली. सलकाला वाटे, मावशीने काही गोड घातलंय. काठ्या या वेळी काढाव्याच लागल्या नाहीत. वाडगा रिकामा करून पोरगी म्हणायची, "मावशी, अजून आहे का?" चाळीस वर्षांत एकाही मुलीने हे विचारलं नव्हतं.

महिनाभरात तोंड वाटोळं झालं. बायका येऊन म्हणत, चंद्र उगवला गं तंबूत. पण तेकबेरची नजर मुरलेली होती. दुधाचं मांस दंडावर, पोटऱ्यांवर, घोट्यांवर उतरतं. सलकाचं सगळं तोंडावर, मानेमागे आणि पोटावरच थांबलं होतं. हातपाय काटक्याच राहिले होते. कातडी ताणल्याच्या रेघा आमच्या बायका कौतुकाने दाखवतात, पण त्या चंदेरी असतात. सलकाच्या दंडावरच्या जांभळ्या होत्या, ओल्या जखमेसारख्या. तेकबेरने त्या पाहिल्या आणि अंगभर गुंडाळलेला मलहफा मनगटापर्यंत ओढून घ्यायला तिला शिकवलं.

लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलाच्या आईने, जैनबूने, सुनेचा दंड चाचपला. "तोंड चंद्राचं आणि हात बाभळीचे! तेकबेर, दूध काय वाटेत सांडलं?"

"हात तुझ्या घरचं खाऊन भरतील," तेकबेर म्हणाली. "आमच्याकडचं सगळं संपवूनच निघालीय."

बायका खूप हसल्या. शेवटच्या दोन गोळ्या त्या दिवशी सकाळीच संपल्या होत्या.

रीतीप्रमाणे नवरा बूना मैमूनाच्या तळावरच राहिला. तिसऱ्या आठवड्यात सलकाला ओकाऱ्या सुरू झाल्या. उठून बसली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बायकांनी बोटं मोजली, एकमेकींकडे पाहिलं. जैनबू एक मेंढा घेऊनच आली. "आमच्या बूनाने वेळ दवडला नाही," ती म्हणाली. मेंढा कापला गेला. सलकाच्या पोटात एक घास टिकला नाही.

मग तळावर तापाची साथ आली. बाकीचे दोन दिवसांत उठले, सलका उठली नाही. गुरुवारी सकाळी दवाखान्यातला इस्सलमू मोटारसायकलवर आला. त्याने रक्तदाब मोजला, परत मोजला. तंबूच्या खांबाला सलाइनची बाटली बांधली. मग मलहफा वर सारून दंड पाहिला, रेघा पाहिल्या, आणि तेकबेरकडे वळला.

"मावशी, हिला काय दिलंत?"

शेजारी जैनबू बसली होती. मैमूना पंख्याने वारा घालत होती.

"दूध," तेकबेर म्हणाली. "फक्त दूध."

"परत विचारतो. गोळ्या?"

"माझ्या साठ मुलींना जाऊन विचार."

बाटली संपली की कळवा, असं सांगून तो दुसऱ्या तापकऱ्यांकडे निघून गेला.

ऊन चढलं. सलकाने मावशीचं बोट धरलं. आवाज जेमतेम निघत होता. "मावशी, तुझा तो गोड वाडगा दे ना. तो प्यायले की अंगात जीव यायचा."

तेकबेर उठली. कुणाला काही न सांगता तिने मुलाला ट्रक काढायला लावला. इस्सलमू दवाखान्यात परतला होता; त्याच्यासमोर तिने कनवटीची चिंधी सोडली. तिच्या घडीत गुलाबी भुकटी राहिली होती. त्याने ती बोटावर घेतली.

"हे सकाळी का नाही सांगितलंत?"

तो कपाटातून इंजेक्शन शोधत बोलत होता. "मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांचा रस माणसाला तापात, तहानेत, धसक्यात उभं ठेवतो. तोच रस या गोळ्यांतून रोज मिळाला की ग्रंथी काम सोडतात. टँकरचं पाणी येऊ लागलं की आपण विहीर उपसायची सोडतो, तसं. मग टँकर बंद होतो, आणि विहीर वाळूने भरलेली. उपसायला महिने लागतात, मावशी. गोळ्या हळूहळू कमी करायच्या असतात. एका दिवसात तोडायच्या नसतात."

इंजेक्शन घेऊन तोही ट्रकात चढला. परतीला ट्रक दोनदा वाळूत रुतला. तळ दिसला तेव्हा बायका तंबूबाहेर उभ्या होत्या.

आत कुणी म्हणालं, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, पोटातल्या बाळाने नेलं.

"बाळ नव्हतं," तेकबेर म्हणाली. "गोळ्या दिल्या मी. तीन महिने. दूध नव्हतंच."

मैमूनाच्या हातातला पंखा थांबला. जैनबूने सलकाचा वर सरकलेला मलहफा मनगटापर्यंत खाली ओढला.

मैमूनाची मुलगी सलका ट्रकच्या वर्षी, लग्नानंतर एकतिसाव्या दिवशी, गुरुवारी, दुपारच्या नमाजाआधी वारली.