दोऱ्याने अडवलेली गाणी

“पेन्योकाका, चित्र फिरतंय तर फिरू द्या की. बटणं कशाला दाबताय?”

“चित्र झाकायला असतं, नेद्याल्का. दुखणं त्याच्या मागे लिहिलेलं असतं.”

पेन्योने कळ दाबली. नगरपालिकेचं बोधचिन्ह गेलं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. संगणक जागा होताना स्वतःशीच जे पुटपुटतो, ते. संगणकांचा कारखाना बंद पडेपर्यंत एकतीस वर्षं तिथे पेन्योने हेच वाचलं होतं. वर्तमानपत्र मात्र त्याच्याने अर्धं पान वाचवत नसे.

गावच्या वाचनालयातल्या या संगणकात इथल्या बायकांची जुनी गाणी साठवलेली होती. त्यांत पेन्योची बायको रुसानाही होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली, पण तिचं गाणं ऐकायचा धीर त्याला झाला नव्हता. आवाज तिथे आहे, एवढंच त्याला पुरत होतं. आता नगरपालिकेच्या तंत्रज्ञाने फोनवरूनच ‘डिस्क मेली’ असा निकाल दिला होता आणि दुपारी भंगारची गाडी येणार होती.

“मेलीच ना हो?” वाचनालय सांभाळणाऱ्या नेद्याल्काने विचारलं.

“मेलेलं ओ देतं का?” त्याने त्या ओळी पुन्हा पडद्यावर आणल्या आणि बोट ठेवून वाचल्या. “हे बघ. डिस्कला हाक मारली. ओ आली, तुटली. वेग कमी करून पुन्हा मारली, पुन्हा तुटली. डिस्क ठणठणीत आहे गं. वाट बिघडलीय.”

त्याने संगणकाचं झाकण उघडलं. डिस्कच्या वायरीला लाल-पांढरा दोरा करकचून बांधलेला होता आणि त्याच्या ओढीने वायरीचं टोक निम्मं बाहेर आलं होतं.

नेद्याल्का लाजून लालेलाल झाली. “एक मार्चला रीतीप्रमाणे सगळ्यांच्या मनगटाला आयुष्याचा दोरा बांधला ना, तेव्हा म्हटलं, हाही म्हातारा झालाय, यालाही आयुष्य लाभू दे.”

“गळा आवळून?”

पेन्योने दोरा कापला नाही, नखाने गाठ सोडवली. टोक नीट बसवलं. ओळी पुन्हा धावल्या आणि एक थांबली: डिस्क सापडली. ती त्याने तीनदा वाचली.

“लावू रुसानाकाकूंचं?”

“आधी प्रत काढ. दोन काढ.”

मग तो टोपी काढून बसला. आधी खोकला ऐकू आला, मग हसू आणि मग रुसानाचा आवाज: “पेन्यो, खिडकी लाव रे, कोंबडा मध्येच गातोय!”

पेन्यो ताडकन उठला. उघड्या खिडकीबाहेर आलुबुखार फुलला होता. झाड फुललं की मार्चचा दोरा त्याला बांधायचा असतो. त्याने हात लांबवून मघाशी सोडवलेला दोरा फांदीला बांधला आणि बायकोने सांगितल्याप्रमाणे खिडकी लावून घेतली.