माग-बिग काही नाही

मारोतराव पौनीकरांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, आणि हे त्यांना काही केल्या कबूल नव्हतं. कुणी काही विचारलं, की अर्धं ऐकायचं, अर्धं अंदाजानं भरायचं, आणि ठोकून उत्तर द्यायचं. तुळजाबाई म्हणायच्या, "मी मीठ मांगलं तं हा माणूस माठ आणून देते!" आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

उमरेड रोडला लागून, नाल्याच्या अलीकडे त्यांची विणकरांची वस्ती. चाळीसेक घरं. एके काळी घरटी माग, सकाळपासून खटखट. आता पोरं बुटीबोरीच्या कारखान्यात, कुणी ऑटोवर, कुणी मिस्त्रीकामावर. मारोतरावांचा वैभवही बुटीबोरीलाच बायकोपोरं घेऊन राहायचा. सगळ्या वस्तीत माग उरला होता एकट्या मारोतरावांचा, तोही जुन्या रीतीचा, खड्ड्याचा. घराच्या मातीच्या जमिनीत कमरेएवढा खोल खड्डा. विणणाऱ्यानं काठावर बसायचं, पाय खाली दाबायच्या पावड्यांवर, हात वर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावर. जमिनीची ओल वर येते, त्यानं सूत तुटत नाही. फरशीवर ती गंमत नाही.

तुळजाबाईंनी त्या मागासाठी एक्केचाळीस वर्षं कांड्या भरल्या. धोट्यात घालायचं सूत चरख्यावर गुंडाळून द्यायचं, हे त्यांचं काम. किती लुगडी त्या खड्ड्यातून निघून इतवारीच्या दुकानात गेली, मोजदाद नाही. त्यांतलं एक त्यांच्या अंगाला लागलं असेल तर शपथ! घरात नेहमी गिरणीचं पातळ. यंदा संक्रांतीला त्या चरख्यापाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "जिंदगीभर लोकाईच्या अंगावर पाहिलं जी. एक लुगडं माह्या अंगावर पाहा न आता. मंग कवा पाहान?"

"कोणतं पाहिजे तुले?" मारोतरावांनी विचारलं. हे बरं नीट ऐकू आलं!

"करवतकाठी. दुसरं नोको."

करवतकाठी म्हणजे काठाला करवतीसारखे दाते. त्याला तीन धोटे लागतात, आणि दिवसभर मान मोडून बसलं तरी पाऊण हात विणून होतं. इतवारीचं घेतलेलं काम उरकून मारोतरावांनी अक्षय तृतीयेला करवतकाठीचा ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवला. अठरा हातांचं लुगडं. म्हातारपणी गडी असा खुशीत आला, की विणता विणता गुणगुणायचा. तुळजाबाई उगाचच चरख्यावरून उठून काठ बघून यायच्या. "दात वाकडा आला जी वाटते," असं म्हणून चिडवायच्या. दात वाकडा नसायचाच.

त्याच दिवसांत घरांच्या भिंतींवर लाल रंगाचे आकडे पडले. मोठी पाइपलाइन जायची होती, आणि तिच्या पट्ट्यात वस्तीतली अकरा घरं येत होती. मोजणीला दामिनी नावाची एक मॅडम आली, तिनं बाहेरूनच भिंतींना टेप लावला, पाणी प्याली आणि गेली. आत कुणी डोकावलं नाही. घराच्या बदल्यात गाळा मिळणार होता, थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याच्या पल्याड. टेम्पो करून सगळे जण इमारत बघून आले. वर तीन मजले, पक्क्या फरश्या, नळ, संडास. आणि तळमजल्याच्या गाळ्यांना मागच्या अंगाला दहा हात कच्ची जागा.

तुळजाबाईंनी ती जागा पायानं चाचपली. माती टाचेखाली दाबून पाहिली. मग नवऱ्याच्या उजव्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "इथं खड्डा होते जी. वरतून टिन टाकू. खालचाच गाळा मांगा."

"मांगतो न," मारोतराव म्हणाले. "सुनावणी कायले आहे मंग?"

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते पानठेल्यावर. शेजारचे मधुकरराव म्हणजे वस्तीचे वकील, कोर्टाची पायरी न चढलेले. त्यांनी मारोतरावांना बाजूला घेतलं. "घरात माग आहे म्हणून बोलू नोका गा. धंद्याची जागा लिहितीन. धंद्याच्या जागेले पैसे फेकून मोकळे होतात, गाळा भेटत नाही. मले पक्कं मालूम आहे."

त्यांना काही पक्कं मालूम नव्हतं. पण हे असं कानाशी लागून सांगितलेलं माणसाला खरं वाटतं, त्याला काय करणार? मारोतरावांनी बायकोला ते सांगितलं नाही. तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा, असा विचार केला. रात्रंदिवस एकटेच कुढत राहिले.

कुणाला कोणता गाळा द्यायचा, याची सुनावणी समाजभवनात झाली. मे महिना, नागपूरचं ऊन. साहेबांसाठी भला मोठा कूलर आणला होता, तो असा घरघरत होता जसा काही ट्रकच सुरू करून ठेवलाय. बाया दाराकडे बसल्या होत्या, पुरुष पुढं. मारोतरावांचं नाव आलं आणि ते खुर्चीवर जाऊन बसले, ते नेमके कूलरकडे डावा कान करून नाही, उजवा करून. म्हणजे चांगल्या कानात कूलर आणि साहेबांकडे बहिरा. नशीब म्हणतात ते हेच.

साहेब माणूस वाईट नव्हता. घर कुणाच्या नावावर, माणसं किती, सगळं नीट विचारलं. मारोतराव साहेबांच्या ओठांकडे बघत उत्तरं देत होते. मग साहेब कागदावर मान घालून काहीतरी बोलले. कूलरच्या घरघरीतून मारोतरावांच्या कानी आलं एवढंच: "...काही माग... आहे का?"

झालं! कुणीतरी चुगली केली, असं त्यांना वाटलं.

"नाही जी साहेब," ते मोठ्यानं म्हणाले. "माग-बिग काही नाही."

साहेबांनी मान वर केली. "नक्की ना? विचार करून सांगा, काका."

"नक्की. कायचंच काही नाही. लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. मारोतरावांनी सही केली, हात जोडले आणि बाहेर आले. खालच्या गाळ्याचं नावसुद्धा निघालं नाही. निघणार कसं? कच्ची जागा कशाला पाहिजे म्हणून विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं? पण त्याहून जास्त लागलं होतं दुसरंच. ज्या मागानं सगळं घर पोसलं, त्याला आज चारचौघांत नाही म्हटलं. बापाला नाही म्हटल्यासारखं वाटत होतं त्यांना.

घरी येऊन त्यांनी मागावर ताडपत्री टाकली. लाल रंगवाले, टेपवाले वस्तीत रोज फिरत. खटखट ऐकली आणि आत आले म्हणजे? सही केलेलं खोटं पकडलं जाणार, गाळा जाणार. मागाचा आवाज पार रोडपर्यंत जातो.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाईंनी नेहमीसारख्या कांड्या भरून टोपलं मागाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "बसत नाही का जी?"

"पाठ दुखून राहिली."

त्यांनी पाठीला तेल चोळून दिलं. आठ दिवस कांड्या भरत राहिल्या. टोपलं शिगोशीग भरलं. नवव्या दिवशी चरखा पुसून फळीवर ठेवला आणि पुन्हा काही विचारलं नाही. मारोतरावांना तेवढंच बरं वाटलं. आता काय म्हणावं या माणसाला!

चाळीस दिवसांनी समाजभवनाच्या दारावर यादी लागली. पौनीकर मारोतराव, तिसरा मजला, गाळा क्रमांक अकरा. शेजारच्या सिंधूताईंना तळमजला. मारोतराव यादी तीनदा वाचून दामिनी मॅडमकडे गेले. ती टेबलावर कागद लावत होती.

"मॅडम, सिंधूताईले खालचा कसा काय भेटला?"

"गुडघे दुखतात म्हणून त्यांनी मागितला होता, बाबा. ज्यांनी मागितला त्या सगळ्यांना दिला. चौघांनीच तर मागितला." तिनं त्यांचा कागद काढला. "तुम्हाला साहेबांनी दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, कोणतंही मागणं नाही. हे बघा."

"साहेबानं माग इचारला होता न? घरात माग आहे का म्हणून?"

दामिनीनं कागदावर बोट ठेवलं. "मागणं, बाबा. तुमचं काही मागणं आहे का, असं विचारलं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्याकडे माग आहे? अहो, मग सांगायचं ना! कारागिरांना तळमजला आधी द्यायचा होता. त्यासाठी वेगळा रकाना होता कागदात. आम्हाला वाटलं, या वस्तीत विणणारं कुणी उरलंच नाही."

आवाज खाली आणलेला, तरी तो शब्द न् शब्द त्यांना ऐकू आला. कूलर बंद होता.

तिनं बिचारीनं त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला. त्या अर्जाचं पुढं काही झालं नाही. घरी येऊन मारोतराव एवढंच म्हणाले, "तिसरा माळा आला. नशीब." तुळजाबाईंनी "बरं" म्हटलं. वस्तीतल्या बाया साहेबाच्या सात पिढ्या उद्धरत होत्या. तुळजाबाईंच्या तोंडून एक शिवी निघाली नाही.

घर रिकामं करायला पाच दिवस होते. चौथ्या दिवशी मारोतरावांनी ताडपत्री काढली आणि कात्री घेतली. बिनखड्ड्याचा उभा माग बसवावा म्हटलं, तर गाळ्यात खाट टाकल्यावर उभं राहायला जागा उरत नव्हती, आणि खालच्याच्या डोक्यावर दिवसभर कोण आदळआपट करू देणार? ताणा गुंडाळून न्यायचा तर कुठं चढवायचा? तुळजाबाई दारात उभ्या होत्या.

"कापून राहिले का?"

"हो."

त्यांनी कात्री चालवली. ताणलेलं सूत कापताना आवाज होतो. तो ऐकायला लागू नये म्हणून बहिरा कान पुरत नव्हता. नऊ हात विणलेलं कापड हातात आलं. तुळजाबाईंनी ते घडी करून पेटीच्या तळाशी ठेवलं. मागाची लाकडं भंगारवाल्यानं नेली. खड्डा कुणी बुजवला नाही. दुसऱ्या दिवशी जेसीबीनं वरची भिंत त्यातच लोटली.

तिसऱ्या मजल्यावर पाणी चांगलं येतं, हे खरं. वाराही येतो. मारोतराव खाटेच्या काठावर बसतात आणि पाय खाली सोडतात, तर पाय फरशीला टेकतात. पहिले काही दिवस ते सारखे दचकायचे. जिना उतरणं दोघांच्याही जिवावर येतं, म्हणून दिवस दिवस घरातच.

दिवाळी झाली. थंडीचे दिवस आले, तशी एका सकाळी तुळजाबाईंनी पेटीतून ते नऊ हात कापड काढलं आणि खिडकीपाशी उन्हात पसरलं. सुई-दोरा घेतला.

"काय करून राहिली वं?" मारोतरावांनी विचारलं.

"वाकळ शिवतो. पडून पडून कसर लागन. नेसाले तं पुरत नाही."

करवतीचे दाते उन्हात एकेक मोजता येत होते. एकही वाकडा नव्हता. मारोतरावांना राहवलं नाही. सहा महिने छातीवर धोंडा घेऊन फिरलेला माणूस तो, भडाभडा बोलला. पानठेला सांगितला, कूलर सांगितला, दामिनीनं दाखवलेला कागद सांगितला. "साहेबानं मागणं इचारलं, तुळजे. म्या माग ऐकला. मले ऐकू येत नाही वं. बहिरा आहो मी." जन्मात पहिल्यांदा त्यांनी हे कबूल केलं, आणि लहान पोरासारखे रडले.

तुळजाबाईंच्या हातातली सुई थांबली होती.

"मी तुमच्या मागंच होती," त्या म्हणाल्या. "दाराकडे गरम होत होतं म्हणून पुढं येऊन बसली होती. साहेब मागणं म्हणाले, ते मले ऐकू आलं. तुमी म्हणाले, माग-बिग काही नाही."

"मंग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? साहेबानं दुसऱ्यांदा इचारलं, तरी तुमी नक्की म्हणाले. घरी येऊन ताडपत्री टाकली. मले वाटलं, थकला माणूस, मागच नोको याले आता. माह्या लुगड्यापायी उगाच जिवाले तरास होऊन राहिला याच्या, तोंडानं बोलत नाही." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्हणून चरखा वर ठेवून देला. मांगायले लाज वाटली जी."

"अवं, तुह्यासाठीच तं विणत होतो! ते खटखट कोणी ऐकन म्हणून भेलो होतो मी."

खाली कुणाचा तरी ऑटो चालू होत नव्हता, त्याचा आवाज वर येत होता. मग तुळजाबाईंनी कापडाचं कापलेलं टोक हातात घेतलं, सुताचे लोंबते धागे बोटांनी सारखे केले.

"किती दिवसाचं राहिलं होतं हो?"

मारोतरावांना दोन्ही कानांनी ऐकू आलं. पाऊण हात रोज, नऊ हात बाकी. हिशोब तर त्यांचा त्या दिवसापासून पाठ होता.

"बारा," ते म्हणाले.

"अन् यादी चाळीस दिवसानं लागली," तुळजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला.