ओट्यावरचं फुलपात्र

सामान भरावं तर मीच, असं माझं ठाम मत आहे. माझी बायको अंजू हे ऐकलं की हसते. हसू दे. मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या आमच्या गराजमध्ये दुपारी दोन वाजता यादी घेऊन मी उभा होतो आणि चारला मला डार्विनसाठी ट्रक काढायचा होता. दोन वर्षं मेलबर्नमध्येच फेऱ्या मारल्यावर मिळालेली पहिली लांबची फेरी. त्याआधीची चोवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिण्यात गेली, मग कंपनीला माझी गरज उरली नाही.

पाण्याचे दोन कॅन, टॉर्च, माश्यांसाठी तोंडावर घालायची जाळी, केबिनमध्ये झोपायला रजई. अंजूने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट आणून ठेवलं. वर सहा लिंबं.

"बाबा, साउथ ऑस्ट्रेलियात फ्रूट नेता येत नाही. दे विल फाइन यू," अनुष्का म्हणाली. ही युनिव्हर्सिटीत कायदा शिकते, त्यामुळे घरात सगळेच आरोपी.

"मग लोणचं ने," म्हणत अंजूने लिंबं उचलली.

पितळी फुलपात्र मात्र मी सगळ्यात आधी भरलं होतं, टॉवेलात गुंडाळून. ते अण्णांचं, माझ्या वडिलांचं. तीस वर्षं त्यांनी कराड ते दिल्ली ट्रक चालवला. आई गेली तेव्हा मी ते इकडे घेऊन आलो.

अण्णा निघायच्या दिवशी आमच्या घरात लगीनघाई असायची. आई दशम्या भाजायची, मी त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एकेक वस्तू रचायचो. धोतराच्या फडक्यात साबण, वहाणेचा जादा अंगठा, वातीचा स्टोव्ह. पेटीला रॉकेलचा वास यायचा आणि तो मला आजही हवाहवासा वाटतो. इतकं करून अण्णा दर वेळी फुलपात्र ओट्यावर विसरायचे. आई बडबडायची, "डोकं कुठं असतं हो तुमचं!" आणि तरीही ते तिथून हलवायची नाही.

मी आठ वर्षांचा असताना हुशारी केली. फुलपात्र गुपचूप पेटीच्या तळाशी घातलं. ट्रक गेल्यावर आईला ओटा रिकामा दिसला आणि ती मटकन खाली बसली. पुढचे अकरा दिवस ती धड जेवली नाही. अण्णा सुखरूप आले, त्यांनीच फुलपात्र ओट्यावर ठेवलं आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. मला वाटलं, पितळेला पोचा आला असेल म्हणून आई रडली.

"गुरू, अण्णांना सांगितल्याशिवाय ट्रकमध्ये चढायचं नाहीस," अंजूने मला जागं केलं.

इथेच माझी फाटत होती. अण्णांच्या लेखी मी अजून ऑफिसात होतो. माझं पोरगं स्टिअरिंगला हात लावणार नाही, हे त्यांनी अख्ख्या कराडला सांगून ठेवलेलं. वय एक्क्याऐंशी. ते दुखावले असते, तर पुढचे पावणेचार हजार किलोमीटर मला जड गेले असते.

व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

अण्णांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "टायर स्वतः बघितलेस?"

"बघितले."

"पाणी?"

"चाळीस लिटर."

"झोप आली की थांबायचं. गडी उशिरा पोचला तर चालतो, गुरू."

"हो अण्णा."

"सगळं भरलंस?"

"सगळं. तुमचं फुलपात्रसुद्धा!"

त्यांचा चेहरा पडला. "अरे, ते कशाला? ते कधी नेतात होय? एक वस्तू घरी ठेवायची असते बाबा. तिच्यासाठी माघारी यावं लागतं. तुझ्या आईला ठाऊक होतं."

चव्वेचाळीस वर्षांनी मला ते अकरा दिवस कळले. मला आईची इतकी आठवण आली की मी अण्णांसमोर सरळ रडलो. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "जा, चार वाजतील तुझे. आणि पोचलास की फोन कर, मी जागा असेन."

मी बॅग उपसली, टॉवेल सोडला आणि फुलपात्र किचनच्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

डेपोवर जायला मी गाडीत बसत होतो, तेवढ्यात अनुष्का धावत आली, हातात तेच. "बाबा, यू फर्गॉट युअर कप!"

मी काही बोलायच्या आत अंजूने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"असू दे इथेच," ती म्हणाली. "आल्यावर लागेल त्याला."